सत्यवेणीने मांडलेल्या बाहुल्या

सत्यवेणी,

परवा फोनवर तू मला, तुझ्या या मानलेल्या मावशीला, बजावलंस, "पिन्नी, लिहायचं तर लिहा, पण मला बिचारी करू नका." करत नाही. बिचाऱ्या बायका मलाही आवडत नाहीत. त्यांच्यासाठी डोळे पुसत बसायला मला वेळ नाही. पण तू आणखी एक म्हणालीस, की तुझ्या हातून मोठं काही घडलं नाही, चार बाहुल्या इकडच्या तिकडे ठेवल्या एवढंच. हे मला साफ नामंजूर. या न्यू जर्सीत माझा जन्म गेला. आपल्या गोदावरीकाठची, गुंटूरची, विजयवाड्याची पोरं मोठाल्या बॅगा ओढत येताना पाहिली, आणि मान खाली घालून सह्या करताना पाहिली. मान वर ठेवून बाहुल्या मांडणारी एकच पाहिली. तेव्हा गप्प बस, आणि तुझीच गोष्ट तिऱ्हाइताची असल्यासारखी ऐक. चुकलं तर फोनवर भांड.

सत्यवेणी कोसूरि राजमहेंद्रीची. बाप शाळेत गणित शिकवायचा, आई घरी शिवणकाम करायची. मुलगी इंजिनीअर झाली, हैदराबादेत सहा वर्षं नोकरी केली आणि मग इतरांसारखीच व्हिसा काढून अमेरिकेत आली. तिला आणणारी कंपनी गोस्तनी सॉफ्ट. कंपनी म्हणजे काय, तर एडिसनमध्ये दोन खोल्यांचं ऑफिस, एक भाड्याचं गेस्टहाउस आणि चलपती नावाचे मालक. मालक म्हटलेलं त्यांना आवडत नसे. सगळ्यांनी त्यांना अन्नय्या, म्हणजे थोरला भाऊ म्हणायचं. "आपण एक कुटुंब आहोत," हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की पोरांनी त्याचं रामनाम केलं होतं. पगार लांबला की गेस्टहाउसच्या तळघरातून कुणीतरी ओरडायचं, "आपण एक कुटुंब आहोत!" आणि दुसरा म्हणायचा, "हो, कौरवांचं!"

गोस्तनीचा धंदा माणसं पुरवण्याचा. मोठ्या गिऱ्हाईक कंपनीला माणूस हवा असला की ती एका दलालाला सांगते, तो दुसऱ्या दलालाला, आणि दुसरा चलपतींना. काम सत्यवेणीने करायचं; तासाचे पैसे वरून निघणार आणि प्रत्येक हाताला थोडे चिकटत चिकटत खाली येणार. काम संपलं की माणूस 'बेंचवर' येतो. कायदा सांगतो, व्हिसावर माणूस आणलात ना, मग काम असो नसो, पगार द्या. चलपती सांगत, छप्पर देतो, तांदळाची गोणी देतो, आणखी काय मांडीवर घेऊन भरवू?

आणि या धंद्यात एक रीत आहे. बाईला तिचं वय विचारलं तरी एक वेळ चालतं, पण तासाचा दर कुणी कुणाला विचारत नाही. सख्खे भाऊ एका खोलीत राहतात, एका ताटात जेवतात, आणि दर मात्र एकमेकांपासून लपवतात. आपल्याला कमी मिळतं हे कळलं तर लाज, जास्त मिळतं हे कळलं तर दृष्ट. दलालांचं फावतं ते याच सोवळ्यामुळे.

सत्यवेणीने ते सोवळं मोडलं नाही. ते आपोआप मोडलं. हार्टफर्डच्या एका विमा कंपनीत तिने वर्षभर काम केलं. जुन्या नोंदी नव्या यंत्रणेत हलवायच्या, आणि हलवताना कुणाचा विमा हरवणार नाही हे बघायचं. तिथली साहेबीण ग्लेंडा, साठीची, मनाने चांगली पण तोंडाला झाकण नसलेली. एकदा तिने सत्यवेणीला टेबलाशीच डबा खाताना पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तासाला शंभराच्या वर डॉलर मोजतो आम्ही तुझ्यासाठी. उठ, जरा बाहेर जाऊन चांगलं जेव!"

सत्यवेणीच्या हातात त्यातले पस्तीस पडत होते. तिने घास गिळला आणि डबा शांतपणे संपवला. ती मला म्हणाली होती, "पिन्नी, राग आला नाही. हसू आलं. शंभर डॉलरची बाई वांग्याची भाजी खात होती."

त्या थंडीत हार्टफर्डचं काम संपलं आणि ती गेस्टहाउसवर परत आली. वरच्या मजल्यावर चार बायका: सत्यवेणी, तिच्या खोलीतली हिमबिंदू, आणि पलीकडे आणखी दोघी. चौघीही बेंचवर. थँक्सगिव्हिंग गेलं, नाताळ गेला, पगाराचा पत्ता नाही. हिमबिंदूची दोन वर्षांची पोर गुंटूरला आजीपाशी. ती रोज फोनवर पोरीला चांदोमामा दाखवायची आणि फोन ठेवला की उशीत तोंड खुपसायची. सत्यवेणी तिच्या पाठीत धपाटा घालायची. "रड, पण भात लाव आधी. आज पाळी तुझी."

जानेवारीच्या सुरुवातीला चलपती आले. हातात मिठाईचा डबा, काखेत कागद, खिशात चार पेनं.

"सह्या करायच्यात पोरींनो. वाचत बसू नका, तुमच्याच भल्याचं आहे. व्हिसाची मुदत वाढवायची, तर सरकार विचारणार, मधल्या महिन्यांचा पगार कुठाय? आपण सांगायचं, पोरीच रजेवर होत्या."

सत्यवेणीने वाचलं. "अन्नय्या, यात लिहिलंय की घरगुती कारणासाठी मी स्वतः बिनपगारी रजा मागितली."

"हो, मग?"

"कुठलं घरगुती कारण?"

"घाल काहीतरी. आईचं आजारपण घाल."

"माझी आई ठणठणीत आहे. रोज दोन ब्लाउज शिवते. तिला खाटेवर झोपवायला मी सही करू?"

"अगं, कागदावरच झोपवायचीय ना!"

"मग कागदावर खरंच लिहू या. पोरी सोफ्यावर बसून होत्या आणि अन्नय्यांनी पगार दिला नाही."

पलीकडच्या दोघींपैकी एकीला खोकला आला. तो खोकला नव्हता. चलपतींनी मिठाईचा डबा बंद केला. "तुझी जीभ गोदावरीच्या पुरात वाढलेली दिसते. संक्रांतीनंतरच्या सोमवारी कागद वकिलाकडे जाणार. सही करणारीची मुदत वाढेल. न करणारीने बॅग भरायची. मी कुणावर जबरदस्ती करत नाही. आपण एक कुटुंब आहोत."

ते गेल्यावर हिमबिंदू म्हणाली, "अक्का, करून टाकू या ना. नुसती शाईच तर जाते."

"नुसती शाई जात असती तर मिठाई कशाला आणली असती?"

"तुझं बरं आहे. तुला ना पोर, ना कर्ज."

हे खरं होतं, आणि सत्यवेणीला लागलं. खिडकीशी उभी राहून तिने हिशेब मांडला. सही केली तर तीन वर्षं इथेच. पण ते महिने तिने स्वतःच फुकट दिले असं कायमचं लिहून ठेवलेलं. उद्या कुठल्याही सरकारी दारात पगार मागायला गेली, तर हाच कागद तिच्या तोंडावर फेकला जाणार. सही नाही केली तर परत राजमहेंद्री. मधली वाट नव्हती. चलपतींनी ती ठेवलीच नव्हती.

इथे गोष्टीत येतात चलपतींची बायको इंदुमती. बाई वाईट नव्हे. देवभोळी, हौशी, आणि स्वतःच्या हौसेपुढे आंधळी. दर संक्रांतीला त्या बाहुल्यांचा दरबार मांडत, आपल्याकडे करतात तसा: भोगीला मांडायचा, तीन दिवस बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं, कनुमाच्या, म्हणजे किंक्रांतीच्या, संध्याकाळी एक बाहुली आडवी करून दरबार झोपवायचा. त्यांच्या नव्या घरात दुधासारखा पांढरा गालिचा घातलेला. त्यावर चाळीस बायकांची कुंकवाची बोटं नकोत, म्हणून त्या वर्षी त्यांनी दरबार गेस्टहाउसच्या हॉलमध्ये घ्यायचं ठरवलं. शिवाय 'आमचं गोस्तनी कुटुंब' म्हणून फोटोही छान येणार.

"सत्यवेणी, तुझ्या हाताला वळण आहे गं. तूच मांड," म्हणून त्यांनी बाहुल्यांची पेटी तिच्या हवाली केली.

"मनासारखी मांडू, अक्का?"

"अगदी मनासारखी!"

बायांनो, कुणाला असा शब्द देताना आधी त्याचा चेहरा तरी बघावा.

भोगीच्या सकाळी सत्यवेणीने जुन्या कॉम्प्युटरच्या खोक्यांच्या पाच पायऱ्या रचल्या, वर पांढरं कापड घातलं. सगळ्यात वरची पायरी देवांची. तिथे राम-सीता, लक्ष्मी, दशावतार, रीतीप्रमाणे. "देवांना यात ओढायचं नाही," ती हिमबिंदूला म्हणाली, "त्यांना व्हिसा लागत नाही."

दुसऱ्या पायरीवर अंबारीतला राजा, हत्तीसकट. तिसरीवर दुकान मांडून बसलेला मातीचा शेट आणि शेटाणी. चौथीवर दुसरा शेट आणि शेटाणी. पहिल्यापेक्षा पोट थोडं लहान. पाचवीवर पालखीतला मिशाळ नवरदेव, आणि पालखी वाहणारे चार भोई. खाली, पायऱ्या संपल्यावर, जमिनीवर एकटाच: कोंडपल्लीचा लाकडी ताड, आणि त्यावर कमरेला दोर बांधून चढणारा गडी.

मग नैवेद्य. घरात अरिसेलु तळले होते, मराठी अनारशाची चुलत बहीण. एरवी एक ताट देवापुढे ठेवतात. सत्यवेणीने देवांचं ताट भरलंच, पण खालच्या प्रत्येक पायरीलाही ताट ठेवलं. हत्तीपुढे परात, शिगोशीग. पहिल्या शेटापुढे ताट. दुसऱ्यापुढे ताटली. नवरदेवापुढे बशी. आणि ताडाच्या बुंध्याशी अर्धा तुकडा, तोही मोडका. गड्याच्या खाली आसन म्हणून तिने एक कागद घडी करून घातला. चलपतींनी सहीला दिलेला तोच रजेचा कागद, मथळा वर राहील असा.

हिमबिंदूचा चेहरा उतरला. "अक्का, त्यांनी पाहिलं तर?"

"पाहू दे की. पाहण्यासाठीच मांडतात दरबार."

दुपारी इंदुमती जरीचं नेसून आल्या आणि हरखल्या. "अय्यो! प्रत्येक पायरीला वेगळा नैवेद्य! हे मला कसं सुचलं नाही?" त्यांनी आरती केली, गाणं म्हटलं, चौघींना समोर बसवून फोटो काढला आणि दारात चपलांचा ढीग वाढायच्या आत तो फोटो सगळ्या गटांवर पाठवून दिला: बायकांच्या, तेलुगू मंडळाच्या, धंद्यातल्या लोकांच्या. वर लिहिलं, 'आमच्या कुटुंबाचा दरबार'.

सगळ्यात आधी समजलं ते भ्रमरांबांना. दुसऱ्या दलालाची सासू. सत्तरीची, गुडघ्यांनी गेलेली, डोळ्यांनी ससाणा. त्या खुर्ची ओढून दरबारासमोर बसल्या, वरून खाली पाहिलं, मग खालून वर पाहिलं.

"काय गं पोरी, या ताडावरच्या गड्याला अर्धाच का?"

सत्यवेणी त्यांच्या हाताला हळद लावत होती. "त्यानेच सगळं झाडावरून उतरवलं ना आजी, म्हणून."

"आणि हे वरचे?"

"ते खाली उभे राहून झेलतात."

"झाडावर नसला की?"

"तेव्हा तेवढंही नाही. तेव्हा तो रजेवर असतो." तिने बोटाने आसन दाखवलं.

भ्रमरांबांनी चष्मा काढून वाकून मथळा वाचला. आणि मग पोट धरून हसायला लागल्या. "अगं बाई गं! म्हणजे हा चौथ्या पायरीवरचा शेट आमचा जावई की काय? मेल्याचं पोट मात्र अगदी हुबेहूब!"

मग दुसरी बाई वाकली, तिसरी वाकली. इथल्या प्रत्येकीचा नवरा, भाऊ, नाहीतर ती स्वतः यातल्या कुठल्या ना कुठल्या पायरीवर बसलेली. कुणी हसलं, कुणी ओठ चावले. आणि एक गप्प, लाजाळू बाई, जिचं नावही कुणाला आठवत नव्हतं, ती हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांना बेचाळीस मिळतात. वर किती देतात कुणाला माहीत आहे का?" दर. हळदीकुंकवात. सगळ्यांसमोर. सोवळं त्या दिवशी जे मोडलं ते मोडलंच. वाण हातात घेऊन बायका आकडे सांगायला लागल्या.

संध्याकाळी चलपती आले ते बूट न काढताच आत आले. फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता, आणि पाठोपाठ चौथ्या पायरीच्या शेटाचा फोनही.

"काढा हे! आत्ता!"

इंदुमती आडव्या आल्या. "बूट! देवासमोर बूट!"

"आधी ते झाड उचल!"

"आरती झालीय. कनुमा होईपर्यंत दरबाराला हात लावायचा नाही. अमंगळ असतं. मागल्या वर्षी तुमच्या आत्याने लावला होता, काय झालं आठवतं ना?"

"इंदू, तुला कळत कसं नाही! यात मी आहे! तो पालखीतला मी आहे!"

इंदुमतींनी वळून पालखीकडे पाहिलं. मिशांकडे पाहिलं. मग त्या सत्यवेणीकडे वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग होता की आणखी काही, हे सत्यवेणीला आजवर ठरवता आलेलं नाही. "कनुमा होईपर्यंत नाही," त्या पुन्हा म्हणाल्या. "माझ्या घरात हे चालणार नाही."

"हे तुझं घर नाही, कंपनीचं गेस्टहाउस आहे!"

"मग फोटोवर कुटुंब कशाला लिहायला लावता?"

तीन दिवस दरबार तसाच राहिला. ज्या बायका एरवी शेजारच्या गल्लीत यायला कंटाळतात, त्या प्रिन्स्टनहून गाड्या काढून, बर्फातून हळदीकुंकवाला आल्या. कागद दुसरा छापता आला असता, वीस छापता आले असते. पण त्या एकाचा मथळा सगळ्या एडिसनने वाचला होता.

कनुमाच्या दुपारी चलपतींनी सत्यवेणीला ऑफिसात बोलावलं. या वेळी मिठाई नव्हती.

"हे बघ, तू हुशार आहेस. तुझे बेंचचे पैसे मी देतो. सगळे. सही कर, पैसे घे, तोंड बंद ठेव."

"चौघींचे?"

"तुझे म्हटलं मी."

"मग सही पण माझी एकटीची कशी होईल? झाड एकच आहे, अन्नय्या."

"तुला काय त्यांचं पडलंय? ती हिमबिंदू उद्या तुला ओळख दाखवणार नाही."

"नाही दाखवली तर नाही. पगार ओळखीवर देतात का?"

"विचार कर. उद्या मी व्हिसा काढून घेतला की दोन महिन्यांत दुसरी कंपनी शोध, नाहीतर चालू लाग."

सत्यवेणी उठली. "अन्नय्या, येताना माझ्याकडे दोन बॅगा होत्या. जातानाही दोनच नेता येतात. त्यात तुमची रजा मावणार नाही." आणि त्यांच्याच ऑफिसच्या पायऱ्यांवर, हातमोजे काढून, तिने फोनवरून कामगार खात्याकडे तक्रार पाठवली. नाव लपवायचं का, असं तिथे विचारतात. तिने पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

त्या संध्याकाळी दरबार झोपवायचा होता. कुठली बाहुली आडवी करायची ते मांडणारीने ठरवायचं. सत्यवेणीने ताड अलगद आडवा केला. "झोप रे बाबा. फार चढलास."

सोमवारी चलपती पेन घेऊन हिमबिंदूकडे गेले. ती म्हणाली, "अन्नय्या, हात दुखतो." मंगळवारीही दुखत होता. पलीकडच्या दोघींचेही दुखायला लागले. असलं दुखणं मी जन्मात पाहिलं नव्हतं; तीन बायका, तीन उजवे हात. फेब्रुवारीपासून बेंचवरच्या तिघींना पगार सुरू झाला, गुपचूप, आणि मुदतवाढीचे कागदही रजेचा शब्द न घालता गेले. मागचे महिने मात्र नाहीत. ते खात्याच्या चौकशीत अडकलेत, आणि ती चौकशी गोगलगायीच्या पायांनी चालते.

सत्यवेणीचा व्हिसा त्यांनी काढून घेतला. दोन महिन्यांत तिला दोन कंपन्यांनी बोलावलं. एकीने सांगितलं, आधी तक्रार मागे घे. दुसरीने विचारलं, रजेच्या कागदावर सही करायला हरकत नाही ना. दोघींनाही ती 'हात दुखतो' म्हणाली. मार्चच्या शेवटी हिमबिंदूने तिच्या बॅगेत लोणचं घातलं, तिच्या गळ्यात पडून रडली, आणि सत्यवेणीने तिच्या पाठीत धपाटा घातला.

आणि हो, सत्यवेणी, आता तुझ्याशी. विमानतळावर जायच्या आधी तू माझ्या स्वयंपाकघरात आलीस आणि कागदात गुंडाळलेला तो ताड टेबलावर ठेवलास. पेटीत परत जायचा राहिला होता. "पिन्नी, हा इंदुमतीगारूंचा आहे. तेवढा परत द्या. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे नको, नाहीतर म्हणतील सत्यवेणी चोरटी." मी हो म्हटलं.

दोन संक्रांती झाल्या. इंदुमती भाजीच्या दुकानात भेटतात. मागच्या वेळी त्यांनी दोडके निवडता निवडता विचारलंही, "आमचा ताड तुमच्याकडे तर नाही ना?" मी म्हटलं, "आहे." त्या म्हणाल्या, "पाठवा मग कधीतरी." मी म्हटलं, "बघते."

तो माझ्या खिडकीत आहे. काच पुसताना मी त्यालाही पुसते. तुझी चौकशी संपू दे, चौघींचे ते महिने चौघींच्या हातात पडू दे, मग नेऊन देते म्हणतेय. चालत गेलं तरी त्यांचं घर काही लांब नाही.